खापराची साक्ष
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



देवळाचा पाया खणताना दगडांबरोबर पुष्कळदा खापरेही निघतात. दगड चौथऱ्याला लागतो, खापरांची पाटी उकिरड्यावर जाते. परंतु शिलालेख राजाचे सांगतो. चुलीपुढचे सांगावे ते खापरानेच.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तांबड्या अंगावर काळी नक्षी, लांब तोटी, टिचकी मारली तर धातूसारखा नाद, अशी भांडी निघाली. त्या घडणीला गावाचेच नाव पडले.

पुढे नर्मदेकाठी, महेश्वरासमोर नावडातोलीस खोदकाम झाले. तेथे खालच्या थरांत माळवा घडणीची भांडी होती. जोर्वे घडणीची खापरे मात्र वरच्या थरांतच सापडली. इकडे प्रवरेकाठच्या दायमाबादेस आणि घोडनदीकाठच्या इनामगावासही माळवा खाली, जोर्वे वर. वाटेत तापीकाठी प्रकाशे येथे दोन्ही मिळाली. म्हणजे इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास माळव्याचे कसब दक्षिणेत उतरले, येथे त्याला नवे रूप आले आणि ते रूप पुन्हा नर्मदेकडे गेले. लोखंडाची ओळख नसलेल्या, तांबे व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची ही ये-जा!

मडके कोणी नेले? व्यापाऱ्याने, सासरी निघालेल्या मुलीने, की कुंभारच बिऱ्हाड घेऊन गेला? खापर एवढे सांगत नाही. त्यावरून स्वारी झाली, राज्य जिंकले असे म्हणणे तर निव्वळ उतावळेपणा होय.

मात्र ही सारी साक्ष थरांवर उभी आहे. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल जुनी आहे. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, त्याला पीक हवे. पण चार गाड्या माती उपसली की वरचे खापर खाली जाते, खालचे वर येते, आणि कोण आधी व कोण नंतर हे मग कोणालाच सांगता येत नाही. निवडून घरी आणून ठेवलेले सुंदर खापरही असेच मुके होते.

तेव्हा नक्षीचे किंवा तोटीचे खापर दिसले तर खणणे तेवढ्यापुरते थांबवावे, ते किती हात खोल लागले हे लिहून ठेवावे आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातही खापरांची पारख असलेली मंडळी आहेत.