वही उतरवताना चूक होते, तसं विषाणूचंही

आज आपण डुकरांच्या तापाविषयी बोलणार आहोत. ‘आमच्याकडे कुठं डुकरं आहेत?’ म्हणून रेडिओ बंद करू नका. आमच्या गटातल्या चौघींनी गटाच्या कर्जातून डुकरं घेतली आहेत. त्यांचं नुकसान ते सगळ्या गटाचं नुकसान.

मागच्या पावसाळ्यात त्यांतल्या एका ताईंच्या डुकरिणीनं खाणं सोडलं. अंगात ताप, कानांवर लालसर-निळे चट्टे. दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं गेली. तेवढ्यात व्यापारी दारात आला. म्हणाला, निम्म्या भावात सगळी देऊन टाका. हप्ता चार दिवसांवर आलेला. ताईंनी विचारलं, “विकू का?” रात्री आम्ही बैठक घेतली.

आम्हाला धास्ती होती आफ्रिकन स्वाइन फीवरची. हा माणसाला होणारा स्वाइन फ्लू नव्हे. तो माणसाला होत नाही, पण डुकरांचे वाडेच्या वाडे रिकामे करतो. १९२१ साली केनियातून त्याची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. आफ्रिकेत त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यातला दुसरा प्रकार २००७ साली जॉर्जिया देशात पोचला. जहाजावरचं खरकटं डुकरांनी खाल्लं आणि तिथून तो पसरला, असं मानतात. २०१८ मध्ये चीन, २०२० मध्ये आपल्याकडे आसाम आणि अरुणाचल. प्रकार तोच, दुसरा.

मग तो बदलतो कसा? आपण गटाची वही नवीन वहीत उतरवतो, तेव्हा एखादा आकडा चुकतो. पुढची बाई ती चूक तशीच उतरवते. विषाणूही डुकराच्या अंगात स्वतःच्या नकला काढतो, त्यात अशाच चुका होतात. हा विषाणू सावकाश बदलतो, पण लाखो डुकरांत फिरला की चुका साठतात. चीनमध्ये त्याचे सौम्य प्रकारही सापडले. त्यांत डुक्कर लगेच मरत नाही, लक्षणं पुसट असतात, आणि आजार गुपचूप पसरतो.

याहून अवघड गोष्ट २०२३ मध्ये समोर आली. पहिला आणि दुसरा प्रकार मिसळून तयार झालेला विषाणू चीनमध्ये सापडला. दोन वह्यांची पानं एकत्र शिवावीत, तसं. व्हिएतनामने दुसऱ्या प्रकारावर लस काढली आहे, पण दुसऱ्या प्रकारावरची लस या मिश्र विषाणूपुढं तोकडी पडते, असं प्रयोगांत दिसलं. म्हणजे लशीच्या भरवशावर गाफील राहून चालणार नाही. विषाणूला फिरायलाच वाट द्यायची नाही.

आणि ती वाट आपणच देतो. आजारी डुक्कर बाजारात विकलं, मेलेलं ओढ्यात टाकलं, हॉटेलचं खरकटं न उकळता घातलं, की विषाणू पुढच्या गावाला गेलाच.

म्हणून त्या रात्री आम्ही ठरवलं: विकायचं नाही. ताईंचा हप्ता दोन महिने पुढं ढकलला, प्रोसिडिंगमध्ये तसं लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. सकाळी १९६२ ला फोन लावला. डॉक्टर आले, रक्त तपासायला गेलं. निदान निघालं क्लासिकल स्वाइन फीवर. लक्षणं अगदी तशीच, पण विषाणू वेगळा, आणि यावर आपल्या देशात लस मिळते. बाकीच्या तिघींनी आपल्या डुकरांना लस टोचून घेतली. ताईंची डुकरीण मात्र वाचली नाही. नुसत्या डोळ्यांनी हे दोन ताप वेगळे ओळखता येत नाहीत, तपासणीच हवी.

तेव्हा मैत्रिणींनो, खरकटं अर्धा तास खळखळून उकळा. नवं डुक्कर काही दिवस वेगळं बांधा. मेलेलं चुना टाकून खोल पुरा. आजार लपवू नका. कळवणं कायद्यानंही बंधनकारक आहे. आणि गटांनो, अशा वेळी हप्त्याचा तगादा लावू नका. हप्त्याच्या भीतीनं बाई आजारी जनावर विकते, आणि तोटा साऱ्या तालुक्याचा होतो.