शोकाकडून उत्तरदायित्वाकडे
(रसिकांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. ज्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार अर्पण करावयाचा, त्याच दिवशी कलावंत आणि रसिक जळक्या अवशेषांसमोर अश्रू ढाळीत उभे होते. घरातील कर्ते माणूस गेल्यावर जे पोरकेपण येते, ते त्या दिवशी अवघ्या करवीरनगरीला आले.

केवळ दगडविटांसाठी कोणी रडत नाही. मग हे अश्रू कशासाठी होते?

राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली युरोपात गेले. तेथून ते परतले ते आपल्या प्रजेसाठी काहीतरी भव्य उभारण्याचा संकल्प घेऊनच. त्या संकल्पातून खासबागेचे कुस्ती मैदान सिद्ध झाले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. एका अंगाला मल्लांचा शड्डू, दुसऱ्या अंगाला गायकांचा षड्ज! बलोपासना आणि स्वरोपासना यांना एकाच आवारात स्थान देणारा हा राजा गानसम्राट अल्लादियाखाँसाहेबांचाही आश्रयदाता होता. कला ही मूठभरांची चैन नसून लोकजीवनाचा आधार आहे, हा विचारच त्या वास्तूत साकार झाला होता.

पुढे या वास्तूला केशवरावांचे नाव मिळाले, तेही सार्थच होते. बालपणीच नाटक कंपनीत दाखल झालेला, ‘शारदा’च्या भूमिकेने रसिकांना वेड लावणारा हा कोल्हापूरचा सुपुत्र. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्याने हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ची स्थापना केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे हे दोन अध्वर्यू राष्ट्रकार्यासाठी एका रंगमंचावर आले. त्या नाटकाच्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबेही कोल्हापूरच्याच मातीतले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय केवळ एकतीस!

मित्रहो, आगीत जळाला तो हा वारसा सांभाळणारा आसरा. शासनाने पुनर्बांधणीसाठी तातडीने निधी जाहीर केला, हे स्वागतार्हच आहे. परंतु निधीने छप्पर उभे राहते, परंपरा नव्हे. ‘जसे होते तसे’ बांधावे अशी मागणी आपण करतो, तेव्हा नेमके काय मागतो याचा विचार व्हावयास हवा.

पहिली गोष्ट ध्वनीची. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात बांधलेले हे प्रेक्षागृह. नटाचा मोकळा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा, ही त्याची मूळ कसोटी होती. नव्या वास्तूचीही तीच असावी. दुसरी गोष्ट सुरक्षेची. जुने लाकूड, पडदे, विजेच्या तारा यांची नियमित तपासणी ही नाट्यसेवाच आहे. उद्घाटनाला हजार माणसे जमतात. तपासणीची आठवण ठेवणारे दहा तरी हवेत. ही दक्षता केवळ कोल्हापूरनेच नव्हे, तर जुने नाट्यगृह असलेल्या प्रत्येक गावाने बाळगावी. तिसरी गोष्ट परवडण्याची. हौशी संस्थांना आणि होतकरू गायकांना भाडे झेपले नाही, तर ते सुंदर सभागृह होईल. रंगमंदिर होणार नाही.

आणि चौथी गोष्ट तुमच्याआमच्या हातातली. वास्तू धडधाकट असताना संगीत नाटकाचे तिकीट काढून आपण कितीदा तेथे बसलो होतो? हा प्रश्न बोचतो. तो बोचावयासच हवा. ज्या वास्तूसाठी आपण अश्रू ढाळले, तिच्या रिकाम्या खुर्च्यांचे उत्तरदायित्वही आपलेच आहे.

शाहू महाराजांनी रंगमंच दिला, केशवरावांनी त्याला नाव दिले. आता त्याला श्रोता देण्याचे काम आपले आहे. नव्या रंगमंचावर नांदीचा पहिला स्वर उमटेल, तेव्हा आपण मुलानातवंडांसह तेथे उपस्थित असू, एवढा संकल्प आज करू या. तीच या शोकाची खरी सांगता ठरेल.