सुट्टीवर निघालेलं स्वयंपाकघर

(मालवण तालुक्यातील महिला मंडळं आणि बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला विषय दिला आहे 'पर्यटन आणि स्त्रिया'. या विषयावर बोलायला उभं राहिलं की गाडी लगेच योजना, अनुदान आणि कर्जाच्या हप्त्यांवर जाते. तेही मी बोलणार आहे. पण आधी खरीखुरी गाडी.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझा जोडीदार विजयदुर्गपासून रेडीपर्यंत सात दिवस कॅराव्हॅननं हिंडलो. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला जागा, एक शेगडी, लहान फ्रिज, पाण्याची टाकी आणि संडास. अमेरिकेत याला आरव्ही म्हणतात. माझी एक मैत्रीण लग्नानंतर तिकडे ओरेगॉन राज्यात गेली. ती आणि तिचा नवरा दर शरद ऋतूत पॅसिफिक महासागराच्या काठाकाठानं जाणाऱ्या १०१ नंबरच्या रस्त्यानं असे फिरतात. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा आपल्याकडेही अशा गाड्या भाड्यानं मिळू लागल्या. आम्ही दोघांनी पैसे साठवले आणि निघालो. चैनच होती ती, नाही म्हणत नाही. पण चैन कशी होते आणि ती कुणाच्या जिवावर होते, हे मला त्या सात दिवसांत जितकं दिसलं तितकं एखाद्या शिबिरात दिसलं नव्हतं.

रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, मग पुढं परुळं, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग होणार हे आपण ऐकतो आहोत. चाळीस वर्षं उलटून गेली, रस्ता अजून सलग झालेला नाही. देवबागला तर जमीनच संपते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, आणि समोर पाण्यापलीकडे भोगवे. होडीनं हाकेच्या अंतरावर. गाडीनं जायचं तर सगळं मागे फिरून पुलावरून. आमची गाडी मालवणच्या बाजारपेठेत शिरलीच नाही, गल्ल्या अरुंद. ती बाहेर लावून आम्ही पायीच फिरलो, ते बरंच झालं.

पहिली गोष्ट सांगते ती ऐकून तुम्ही हसाल. त्या सात दिवसांत मी प्रवासात पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायले. या सभेत बसलेल्या किती जणी एसटीनं कणकवलीला किंवा ओरोसला जायचं असलं की सकाळपासून पाणी तोडतात? बघा, हात वर झाले. मी कामानिमित्त अठरा वर्षांची असल्यापासून फिरते आहे, आणि प्रवास म्हणजे ओठ कोरडे ठेवायचे हे मी इतकं धरून चालले होते की गाडीत संडास आहे म्हटल्यावरही दोन दिवस बाटली हाताला येत नव्हती. मालवणच्या मासळी बाजारात बसणाऱ्या बायकांशी याबद्दल बोलले. त्यातली एक म्हणाली, "पानी पिलंय तर जाव खय?" टोपली सोडून जायचं तर मासे कोण बघणार, हाही प्रश्न. मूत्रमार्गाची जळजळ, ताप, हे दुखणं त्या अंगावर काढतात, आणि ते नवऱ्याला सांगायची लाज वाटते. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संघटनांनी 'राइट टू पी' नावानं याच प्रश्नावर मोहीम चालवली. आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी स्वच्छतागृह हवं अशी मागणी होते, ती योग्यच आहे. पण टोपली घेऊन बसलेल्या बाईसाठी हवं, ही मागणी कोण करतं? पर्यटक तासाभरात जातो. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथंच असते.

आता शेगडीकडे येते. चाकांवरच्या घरात स्वयंपाकघर असतं ही कॅराव्हॅनची मोठी जाहिरात. मी मनात म्हटलं, म्हणजे घरातून निघालो तरी चूल काही सुटत नाही. आम्ही घरी पाळ्या लावतो, तशाच इथं लावल्या. एक दिवस त्यानं, एक दिवस मी. पाणी भरणं आणि संडासाची टाकी रिकामी करणं हेही पाळीनं. ओरेगॉनच्या मैत्रिणीला मी फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे तो गाडी चालवतो, मी बाकी सगळं." तिथं मुक्कामाच्या जागी नळ आहे, वीज आहे, टाकी रिकामी करायची व्यवस्था आहे. त्या राज्यानं १९६७ साली कायदा करून समुद्रकिनारा सगळ्यांना खुला ठेवला आहे. सोयी सगळ्या आहेत, वाटणी मात्र आपल्यासारखीच.

माझ्या जोडीदाराच्या पाळीच्या दिवशी कुणकेश्वरजवळ तो गाडीबाहेर भाजी चिरत होता. दोन गृहस्थ थांबून विचारू लागले, "बाईंची तब्येत बरी नाही का?" हसू नका, त्यांनी आपुलकीनंच विचारलं. आणि प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट ठरलेली: कुठून आलात, काय करता, गाडीचं भाडं किती, हे सगळे प्रश्न त्याला. पैसे मी देत असले तरी सुटे त्याच्या हातात.

आचऱ्याला थांबलो तेव्हा गावपळणीचा विषय निघाला. तुम्हाला सांगायला नको. काही वर्षांनी एकदा सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो, तीन रात्री झोपड्या घालून राहतो आणि देवाचा कौल झाला की परततो. कॅराव्हॅनचं आम्हाला काय कौतुक! तुमच्याकडे अख्खा गावच संसार घेऊन बाहेर पडतो. मी तिथल्या एका काकींना विचारलं, गावपळणीत बायकांना काम वाढतं की कमी होतं? त्या म्हणाल्या, "रांधूक तर लागताच गो. पण झाडूक घर नसता." दहा बाय दहाच्या झोपडीत झाडायला काही नाही, सगळ्याजणी जवळजवळ रांधतात, गप्पा होतात. त्यांच्या लेखी तीच सहल. मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे.

पुढच्या दोन रात्री आम्ही गाडी लावून देवबागला एका घरगुती मुक्कामात राहिलो, न्याहारी व निवास योजनेतल्या. त्या घरच्या वयनींचा दिवस मी पाहिला तो सांगते. पहाटे साडेचारला उठणं. पाहुण्यांसाठी घावणे किंवा आंबोळ्या, घरच्यांसाठी पेज. मग खोल्या, चादरी, न्हाणीघरं. दुपारी बांगड्याचं तिखलं, सोलकढी, भाकऱ्या, आणि कुणी कोंबडी-वडे सांगितले असतील तर ते वेगळं. त्यात ऑक्टोबर म्हणजे भातकापणी. दुपारचं वाढून झालं की कोयता घेऊन त्या कोपऱ्यावर, आणि संध्याकाळी पाहुणे समुद्रावरून परतायच्या आत चहाला हजर. बाहेरगावची माणसं ज्याला कोकणातला सुंदर मोसम म्हणतात, तो त्यांच्या घरी कापणी, दिवाळी आणि पाहुणे असा तिहेरी मोसम असतो. मी विचारलं, वयनी, तुम्हाला सुट्टी कधी? "पावसात कोण येणा नाय, तीच काय ती सुट्टी. पण तेवा लावणी आसता."

निघताना मी हिशेब केला. भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला होता. फोन लावून पैसे पाठवले, तर नाव आलं मुलाचं. न्याहारी-निवासाचं प्रमाणपत्र काचेत लावलं होतं, त्यावर सासऱ्यांचं. बाहेरच्या पाटीवर घराण्याचं आडनाव. सगळं काम जिचं, तिचं नाव त्या घरात कुठल्याच कागदावर नव्हतं. घरचे लोक वाईट होते का? मुळीच नाही. नवरा मासे आणून देत होता, मुलगा पाहुण्यांना होडीनं फिरवत होता. पण मुलाच्या होडीचे पैसे 'धंदा' आणि आईच्या स्वयंपाकाचे 'घरचं'. आम्ही तिथं आमची शेगडी बंद केली, सुट्टी घेतली. म्हणजे माझं काम संपलं नाही मैत्रिणींनो, ते दुसऱ्या बाईच्या चुलीवर गेलं. मी पैसे मोजले, तेही तिच्या हातात पडले नाहीत.

केंद्र सरकारनं २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठीच्या बिनमोबदल्याच्या घरकामात बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. वयनींचं काम त्या पाहणीत कुठल्या रकान्यात बसेल? पाहुण्यांची भाकरी आणि घरच्यांची भाकरी एकाच तव्यावर, एकाच पिठाची. मोबदला येतोही आणि तिला मिळतही नाही.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, देशातला पहिला. तेव्हापासून रेल्वे आली, २०२१ साली चिपीला विमानतळ झाला. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या, तारकर्लीचे खेळ, गावोगावच्या खोल्या वाढल्या. या सगळ्याची न्याहारी कुणी केली, हा प्रश्न कुठल्या बैठकीत निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता योजनेवर येते. राज्य सरकारनं २०२३ साली 'आई' नावाचं महिलाकेंद्री पर्यटन धोरण मंजूर केलं. नावावर माझा थोडा राग आहे. बाईनं धंदा काढला तरी तिला आईच म्हणायचं! असो. त्यात पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंत कर्ज घेणाऱ्या स्त्रीला व्याजाची रक्कम, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. अट अशी की व्यवसाय तिच्या मालकीचा हवा आणि तिनं चालवलेला हवा. दुसरी अट तुम्ही सगळ्या डोळे मिटून पुऱ्या करता. अडतं ते पहिलीवर.

आणि इथं मला एक धोका दिसतो. कर्ज मिळतं म्हटल्यावर घरचे तुमच्या नावावर अर्ज करतील. सही तुमची, हप्त्याची नोटीस तुमच्या नावानं, आणि क्यूआर कोड मुलाचाच. सरपंचपदाचं आपण हे पाहिलं आहे, खुर्चीत बाई आणि कारभार नवऱ्याचा. म्हणून नाव आणि खातं या दोन गोष्टी एकत्र मागायच्या. घराची ग्रामपंचायतीतली नोंद दोघांच्या नावे करता येते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली दिला. कायदे आहेत, पण घरात हा विषय काढायचा म्हणजे भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं. एका बाईनं मला सांगितलं, "नाव मागितलंय तर म्हणतत, तुका आमच्यावर इश्वास नाय?" याला उत्तर सोपं नाही. माझं उत्तर एवढंच की विश्वास आहे म्हणूनच नाव लावायला हरकत कसली? एकटीनं मागितलं तर ती भांडकुदळ ठरते. वाडीतल्या दहाजणींनी एकाच महिन्यात मागितलं तर तो व्यवहार ठरतो.

हे होऊ शकतं का? वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या नऊ जणींनी २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्गातल्या प्रकल्पाची त्यांना मदत झाली. वल्हं त्यांच्या हातात, माहिती त्या सांगतात. आम्ही त्यांच्या होडीत बसलो. कांदळवनाच्या वर येणाऱ्या मुळांवर बोट ठेवून ताई सांगत होत्या आणि माझा जोडीदार प्रश्न विचारत होता. सात दिवसांत पहिल्यांदा कुणा स्त्रीला धंद्याची मालकीण म्हणून प्रश्न विचारले गेले. तिथं आणखी एक फरक आहे. फेरी भरती-ओहोटी बघून निघते, म्हणजे कामाला सुरुवात आहे आणि शेवट आहे. स्वयंपाकघराला ओहोटी नाही. वल्हं हातात असलेल्या बायकाही घरी जाऊन रांधतातच, हे मी विसरलेले नाही. पण बाहेरचं काम आणि घरचं काम यांच्यामध्ये निदान एक धक्का आहे, जिथं त्या होडी बांधतात.

तेव्हा आपल्या गटांनी या हंगामात तीन गोष्टी धराव्यात असं मला वाटतं. जेवणाचा दर खोलीच्या भाड्यातून वेगळा लिहायचा आणि तो पैसा रांधणारीच्या खात्यावर घ्यायचा. आठवड्यातून एक वेळ चूल बंद ठेवायची, आणि ती एका घरानं नव्हे, सबंध वाडीनं. पाहुणा त्या दिवशी खानावळीत जेवेल, उपाशी राहणार नाही. आणि किनाऱ्यावर स्वच्छतागृह मागताना मासळी विकणाऱ्या बायकांना सोबत घेऊनच ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जायचं.

पुढच्या बैठकीला येताना तीन कागद आणा: घरपत्रक, न्याहारी-निवासाचं प्रमाणपत्र असेल तर ते, आणि ज्या खात्यावर पाहुण्यांचे पैसे जमा होतात त्याचं पासबुक. मिळाले नाहीत तर कुठं ठेवले आहेत ते विचारून या. कुलूप कुणाकडे आहे तेही. आपण ते ओळीनं वाचू. बैठक आठवडा बाजाराचा दिवस सोडून ठेवली आहे, आणि दुपारी तीनला, म्हणजे कापणीवरून येणाऱ्यांनाही जमेल. चहा मंडळातल्या पुरुष कार्यकर्त्यांनी करायचं कबूल केलं आहे.