श्रद्धेची व वाणीची मोकळीक
(फोंडाघाट येथें ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं वाडवडिलांचे गुण गावे, देवाचे उपकार आठवावे, असा रिवाज आहे. व आजच्या पवित्र मिस्सेंत तें सर्व यथासांग झालें आहे. या सभेंत मात्र आम्ही एका निराळ्या विषयाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. भारताच्या राज्यघटनेनें मनांतलें बोलण्याची व आपल्या श्रद्धेप्रमाणें वागण्याची जी मोकळीक दिली आहे, ती सामान्य माणसाच्या काय उपयोगाची, हा तो विषय होय. ‘हें काम वकिलांचें व वर्तमानपत्रवाल्यांचें; घाटाखालीं शेतांत राबणाऱ्यास त्याचें काय?’ असें कोणी विचारील. त्यास आम्ही एवढेंच सांगूं कीं, बाबा, तूं आपल्याच घराण्याचा इतिहास एकदां पाहा.

आपल्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज गोव्यांतून या बाजूस आले. त्या गोव्यांत १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स नांवाचे येशूसंघीय धर्मगुरु उतरले. जन्मानें इंग्रज, पण मराठीवर त्यांचा असा जीव जडला कीं, त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. १६१६ सालीं तें साष्टींतील रायतूर येथें, रोमन लिपींत कां होईना, छापलें गेलें. अर्थात् इन्क्विझिशनची परवानगी घेऊनच. आपल्या प्रभूचें चरित्र आपल्याच बोलींत ऐकावयास मिळाल्यावर लोकांस काय वाटलें असेल, याची कल्पना करावी.

पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. जिला पोर्तुगीजचें एक अक्षरहि येत नव्हतें अशा म्हातारीनें देवापाशीं आपलें गाऱ्हाणें कोणत्या भाषेंत घालावें, याचा विचार फर्मान काढणाऱ्यांनीं केलेला दिसत नाहीं. ख्रिस्तपुराणाच्या मूळच्या छापील प्रती नाहींशा झाल्या. भाविकांनीं हातानें नकलून ठेवलेल्या पोथ्या तेवढ्या उरल्या, व त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो ग्रंथ पुन्हां छापला. त्या नकलून घेणाऱ्यांपैकीं कित्येकांचीं नांवेंहि आज कोणास ठाऊक नाहींत. ते सामान्य लोक होते.

येथें एक कटु गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. इन्क्विझिशन गोव्यांत १५६० सालीं आलें व मध्यंतरींचीं कांहीं वर्षें सोडल्यास १८१२ पर्यंत टिकलें. आणि तें चालविणारे हात आपल्याच धर्माचे होते. साष्टींतील हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. हीं दोन्ही स्थळें फोंडा महालांतलीं, म्हणजे गोव्यांतल्या फोंड्याजवळचीं, आपल्या फोंडाघाटांतलीं नव्हत. तेव्हां तो महाल पोर्तुगीजांच्या अंमलाबाहेर होता. नवख्रिस्त्यांसहि मोकळीक नव्हती. १७३६ च्या जाहीरनाम्यानें त्यांच्या लग्नांतील जुनीं गाणीं, धोतर नेसणें, अंगणांत तुळस लावणें या गोष्टींससुद्धां बंदी केली. श्रद्धा दंडुक्यानें राखूं पाहिली म्हणजे शेजाऱ्याचें देऊळ जातें आणि आपल्याच माजघरांतलें गाणेंहि जातें. पवित्र सभेनें ही गोष्ट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत, ७ डिसेंबर १९६५ रोजीं, निःसंदिग्ध शब्दांत मान्य केली. धर्माच्या बाबतींत कोणावर बळजबरी करूं नये, व सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेंत कोणास अडवूंहि नये, असें तिनें जाहीर केलें. उशीर झाला खरा.

सालाझारच्या राजवटींत गोव्यांत सभेस परवानगी लागे, आणि लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धां सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहिया व डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनीं मडगांवीं ती बंदी मोडली. त्याच वर्षीं त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य या कॅथॉलिक घराण्यांतील गृहस्थास लष्करी न्यायालयानें आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालांतील पेनिश किल्ल्यांत धाडलें. त्यांचा अपराध एवढाच कीं, ते लिहीत व बोलत.

इकडे दिल्लींत घटना तयार होत होती. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, त्यांचें मूळ गांव आंबडवे, तें आपल्याच कोंकणांतलें. घटनापरिषदेच्या सभासदांत येशूसंघाचे फादर जेरोम डिसोझा हेहि होते. ६ डिसेंबर १९४८ रोजीं धर्माच्या ‘प्रचारा’चा हक्क असावा कीं नसावा, यावर वाद झाला. विरोध करणारे होते. पण आपल्या बाजूनें कोण उभे राहिले? हिंदु सभासद. टी. टी. कृष्णम्माचारी म्हणाले कीं, आपण चौदा वर्षें ख्रिस्ती संस्थांत शिकलों, पण धर्मांतराचा प्रयत्न कोणीं केला नाहीं. कन्हैयालाल मुन्शींनीं सांगितलें कीं, हा शब्द गाळला तरी भाषणस्वातंत्र्यांतून दुसऱ्यास पटवून देण्याचा हक्क उरतोच. मुन्शींचा हा मुद्दा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, कारण एकोणिसावें कलम व पंचविसावें कलम हीं एकाच घराचीं दोन दारें आहेत. हक्कास सीमाहि आहे. पटवून द्यावें, पण ओढून आणूं नये. दुसऱ्याचें धर्मांतर घडविणें हा प्रचाराच्या हक्काचा भाग नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं ठरविलें. आमिष व धाक यांस आमचाहि विरोधच आहे.

आतां केरळांतील तीन शाळकरी भावंडांची गोष्ट. तीं ‘जेहोवाचे साक्षी’ या पंथाचीं. राष्ट्रगीताच्या वेळीं तीं आदरानें उभीं राहत, पण आपल्या श्रद्धेस अनुसरून गीत म्हणत नसत. जुलै १९८५ मध्यें त्यांस शाळेंतून काढलें. उच्च न्यायालयांत दाद लागली नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट १९८६ रोजीं त्यांस परत घेण्याचा हुकूम दिला. बोलण्याच्या हक्कांत गप्प राहण्याचाहि हक्क येतो, असें न्यायमूर्तींनीं मानलें. त्या पंथाचीं मतें आम्हांस मुळींच मान्य नाहींत, व राष्ट्रगीत आपण सारे हर्षानें म्हणतों. तरीहि तो निकाल आपलाच आहे. जी ढाल त्या पोरांच्या कामीं आली, तीच उद्यां आपल्या पोरांच्या कामीं यावयाची आहे. आणि त्यांच्या हातून ती काढून घेतली जात असतां आपण मान फिरविली, तर आपल्या वेळीं कोणास हांक मारावी?

एक तक्रार करावयाची राहिली. ग्रामसभेंत आपले लोक मागच्या बांकावर बसतात, व पाण्याचा, रस्त्याचा, स्मशानाच्या जागेचा प्रश्न निघाला कीं घरीं येऊन बोलतात. ‘फादर, आपण थोडे, कशाला उगाच?’ हें उत्तर आम्हीं पुष्कळ वेळां ऐकलें आहे. कुन्य यांच्या तोंडास कुलूप घालण्यास किल्ला लागला. आपण आपलें आपणच घालून घेतों, आणि चावीहि दुसऱ्याच्या हातीं देतों.

असो. आज सायंकाळीं याच मंडपांत ख्रिस्तपुराणांतील ओव्या वाचल्या जातील. आपल्या हिंदु व मुसलमान शेजाऱ्यांसहि निमंत्रण आहे. ज्यांस ऐकावयाचें त्यांनीं बसावें, ज्यांस नुसता चहा घ्यावयाचा त्यांनीं चहा घ्यावा. वाचनासाठीं कोणाचें फर्मान लागलें नाहीं. ध्वनिक्षेपकाची परवानगी तेवढी रीतसर काढली आहे, व तो रात्रीं दहाच्या आंत बंद होईल.