घड्याळातली पावलं आणि कट्ट्यावरच्या गप्पा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला ‘वेलनेस’वर बोलायला सांगितलं. मी निवृत्त डॉक्टर, तेव्हा शुगर-बीपीवर बोलणार असं तुम्ही धरून चालला असाल. ते दवाखान्यात आयुष्यभर बोलून झालंय.

वेलनेस हा आता प्रचंड धंदा आहे. ग्लोबल वेलनेस इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने 2023 साली जगभरात त्याची उलाढाल 6.3 लाख कोटी डॉलर होती. आपल्याकडेही मनगटामनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आलंय. काही मंडळी रात्री अकराला गच्चीवर उरलेली पावलं ‘संपवत’ असतात. वरच्या मजल्यावरच्यांना विचारा! त्यांच्या माहितीसाठी सांगतो, दहा हजारांचा आकडा वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. तिथून तो आकडा जगभर गेला. 2019 मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, सरासरी वय 72. रोज 4,400 पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण 2,700 चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांपुढे फायदा फारसा वाढला नाही. तेव्हा आजीबाईंनो, भाजी आणायला पायी जा, तेवढंही वाया जात नाही.

पण संशोधकांचं लक्ष आता अशा एका गोष्टीकडे वळलंय, जी घड्याळाला कळत नाही. बोलायला माणूस आहे का?

हार्वर्डमध्ये 1938 पासून एक अभ्यास चालू आहे. कॉलेजातले आणि बोस्टनच्या गरीब वस्त्यांतले मिळून 724 मुलगे, त्यांचं अख्खं आयुष्य तपासलं गेलं. (बायकांना बऱ्याच उशिरा घेतलं, तेव्हाची रीतच ती!) पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते, ते ऐंशीव्या वर्षी जास्त ठणठणीत निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून हा अंदाज तितका बांधता आला नाही. 2010 मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 148 अभ्यास एकत्र केले, माणसं तीन लाखांवर. ज्यांचा माणसांशी घट्ट संबंध होता, त्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त. तुम्ही म्हणाल, आजारी माणूस आपोआपच एकटा पडतो. बरोबर, पण सुरुवातीची तब्येत बघूनही निष्कर्ष तोच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने जून 2025 मध्ये यावर अहवाल काढला. जगात सहातला एक माणूस एकाकी, असं तो सांगतो. आणि सगळ्यात जास्त कोण, तर म्हातारे नव्हेत, तेरा-चौदा वर्षांपासूनची मुलं! कानात इअरफोन घालून लिफ्टमध्ये उभा असलेला आपलाच नातू.

आता घरचं सांगतो. पहिली दोन वर्षं आपल्याकडे टँकर यायचा. हंडे घेऊन खाली उभं राहायचो, भांडायचोही. पण कोणाच्या घरी कोण आजारी ते सगळ्यांना ठाऊक असायचं. आता पाणी चोवीस तास आहे. मागच्या वर्षी बी विंगमधल्या आजी बाथरूममध्ये पडल्या, मुलगा कॅनडात. दार फोडलं ते कशामुळे? संध्याकाळी साडेपाचला त्या कट्ट्यावर आल्या नाहीत, म्हणून मैत्रिणी वर बघायला गेल्या. कॅमेरे होते, सिक्युरिटीचं अ‍ॅप होतं. कोणाला पत्ता नव्हता.

पुढच्या सर्वसाधारण सभेत गुलमोहराखालचा तोच कट्टा काढून दोन गाड्यांचं पार्किंग करायचा विषय आहे. गाडीवाल्यांची अडचण खरी आहे, माझा जावईसुद्धा रस्त्यावर गाडी लावतो. पण मत देण्याआधी आठवडाभर साडेपाचला तिथे येऊन बसा, मुलांनाही आणा. सी विंगच्या मागे जुनी पाण्याची टाकी रिकामी पडली आहे. ती पाडली तर दोन गाड्या तिथे बसतील असं मला वाटतं. सभेच्या आधी कमिटीने एकदा टेप लावून मोजावं, एवढी विनंती करतो आणि थांबतो. मसालेभाताचा वास केव्हाचा येतोय.