मनाचे दुखणे, आईबाप आणि शिक्षक
(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



मुलास ताप आला की आईबाप रात्रभर कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवतात, शेजारीपाजारी चौकशीस येतात आणि त्या दुखण्याची लाज कोणासही वाटत नाही. परंतु तेच मूल महिना-महिना कोणाशी बोलेनासे झाले, रात्री टक्क जागू लागले, किंवा कानांत कोणी बोलते असे सांगू लागले, म्हणजे त्याच घराची दारे मिटतात. मनाच्या गंभीर आजारात मूल सांभाळणाऱ्या आईबापांचा निम्मा भार या एकाकीपणाचा असतो. खेड्यात त्यांच्या ओसरीवर निःसंकोच जाऊन बसू शकेल असा मनुष्य बहुधा शाळेचा शिक्षकच होय.

हा प्रश्न विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 10 ते 19 वर्षे वयाच्या दर 7 मुलांमागे 1 मूल कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने पीडित असते. त्यांतील सर्वांचेच दुखणे गंभीर नसते; पण जे गंभीर असते ते वेळीच ओळखले न गेल्यास मुलाचे शिक्षण, आणि क्वचित प्राणही, हातचे जातात.

समजा, सातवीतील एक मुलगी आहे. पूर्वी ती पुढे होऊन कविता म्हणे. आता शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसते, वही कोरी ठेवते, मैत्रिणींस टाळते, पुढ्यातले जेवण तसेच ठेवते. घरी आई तिला कामचुकार म्हणते, आजी मीठमोहऱ्या ओवाळते, वडील एखादा तडाखा देतात आणि शेवटी देवऋषी गाठला जातो. यांपैकी कोणीही दुष्ट नाही. सर्वच जण भ्यालेले आहेत. उद्या पोरीचे लग्न कसे जमेल, ही भीती त्यांच्या मनात सर्वांआधी येते. म्हणून शिक्षकाने त्यांना दोष देत घरात शिरू नये. मुलीत कोणता फरक पडला, तो किती आठवड्यांपासून आहे, एवढेच त्याने शांतपणे सांगावे आणि घरचे काय पाहतात ते विचारावे. आजाराचे नाव ठेवणे हे डॉक्टरांचे काम होय.

आईबापांस प्रथम हे समजले पाहिजे की हा आजार कोणा एकाच्या चुकीने जडत नाही. आनुवंशिकता, मेंदूच्या कार्यातील बिघाड, घरातील मृत्यू, कर्जाची विवंचना, मारहाण अशी अनेक कारणे त्यात एकत्र येतात. बहुतेक घरांत सारा ठपका आईवर येतो. तो शिक्षकाच्या एका शब्दाने हलका होऊ शकतो.

यानंतर घरी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. कठीण आहे ते त्यांतील सातत्य. मूल बोलेल तेव्हा उपदेश न करता ऐकावे. झोपेची व जेवणाची वेळ नेमकी ठेवावी. झेपेल असे एखादे हलके काम त्याला द्यावे आणि ते झाले नाही तर रागावू नये. औषध सुरू झाले असल्यास बरे वाटू लागताच ते आपल्या मनाने बंद करू नये, कारण आजार उलटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. आईबापांनी सेवा वाटून घ्यावी. थकलेली आई फार दिवस शांत राहू शकत नाही, आणि धाकट्या भावंडांकडेही कोणी पाहावे लागते.

एक गोष्ट मात्र आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर ती नाटक समजून सोडून देऊ नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे मायेने विचारल्याने तो विचार मनात नव्याने रुजत नाही. उलट कोंडलेले बोलणे मोकळे होते. अशा वेळी शेतीचे कीटकनाशक घरातून हलवून कुलपात ठेवावे, मुलास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कोठे जावे, हे शिक्षकास ठाऊक असावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे जाता येते. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आणि मराठीतूनही सल्ला मिळतो. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा.

घरचे लोक देवाला नवस बोलले तर त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे कारण नाही. नवस आणि औषध एका घरात नांदू शकतात. मात्र भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण, चटके वा कोंडणे होत असेल तर गप्प राहू नये. तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. मनोरुग्णास साखळीने बांधण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी केली आहे. भूत उतरविण्यासाठी केलेली मारहाण हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी शाळेविषयी. उपचारासाठी घरी राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी करण्याची घाई करू नये. ते परत येईल तेव्हा प्रारंभी अर्धा दिवस पुरे. मागील अभ्यासाचा डोंगर पुढे ठेवू नये, एखाद्या समजूतदार सोबत्याजवळ त्याला बसवावे आणि ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे वर्गासमोर विचारू नये. त्याच्या घरी ऐकलेली गोष्ट चावडीवर जाता कामा नये. ती एकदा गेली की त्या घराचे दार शिक्षकासही बंद होते. आपल्या मुलाची जागा वर्गात राखून ठेवली आहे, एवढे आईबापांस कळले तरी पुढच्या तारखेला दवाखान्याची वाट धरण्याचे बळ त्यांना येते.