आवडत्या चित्रपटांची यादी आणि वादाची मराठी

(हीरक महोत्सवानिमित्त बंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचे लिखित रूप)



शाळेच्या हीरक महोत्सवात वक्त्याने भाषेवर, शिक्षणावर किंवा संस्कारांवर बोलावे, अशी अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज चित्रपटांविषयी बोलणार आहे; त्यातही 'आजवरचा सर्वांत आवडता चित्रपट कोणता?' या, वरकरणी फावल्या वेळेच्या वाटणाऱ्या प्रश्नाविषयी. हा प्रश्न कोणत्याही मराठी घरात जेवणानंतर टाकून पाहा. पाच माणसे असतील तर सात उत्तरे येतील, आणि ताटावरचे हात वाळले तरी कोणी उठणार नाही. इतका वेळ माणसे ज्यासाठी भांडतात, ते क्षुल्लक असण्याचा संभव कमी.

प्रथम जगात ही निवड कशी होते ते पाहू. लंडनच्या 'साइट अँड साउंड' या नियतकालिकाने 1952 साली समीक्षकांचा कौल घेऊन सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी केली, आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती नव्याने केली जाते. पहिल्या यादीत 'बायसिकल थीव्ह्ज' अग्रस्थानी होता. 1962 पासून 2002 पर्यंत सलग पाच वेळा तो मान 'सिटिझन केन'ने राखला. पुढे 2012 साली 'व्हर्टिगो' पहिला आला. 2022 साली शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा 1975 सालचा 'झान दिएलमान' पहिला ठरला. एका गृहिणीची तीन दिवसांची घरकामे संथपणे दाखवणारा हा चित्रपट शिखरावर पोहोचायला 47 वर्षे लागली. या काळात चित्रपट तसूभरही बदलला नव्हता. बदलले होते ते मत देणारे. 2012 साली सुमारे साडेआठशे समीक्षकांनी कौल दिला होता. 2022 साली ही संख्या दीड हजाराच्या वर गेली, तिच्यात नव्या पिढीची आणि निरनिराळ्या देशांची माणसे आली. 'सार्वकालिक' म्हणवणारी यादीसुद्धा आपल्या काळाचीच असते, हा यातला पहिला धडा.

दुसरा धडा आपल्याला अधिक बोचणारा आहे. 2022 सालीच 'फिप्रेस्की' या आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने आपल्या तीस सदस्यांचा कौल घेऊन दहा सर्वश्रेष्ठ भारतीय चित्रपट निवडले. 'पथेर पांचाली' पहिला आला, यात कोणालाच नवल वाटले नाही. पाठोपाठ 'मेघे ढाका तारा', 'भुवन शोम' आणि मल्याळम 'एलिप्पत्तायम'. पाचव्या स्थानी कन्नड 'घटश्राद्ध'. त्यानंतर 'गर्म हवा', 'चारुलता', 'अंकुर', 'प्यासा' आणि 'शोले'. या दहांत मराठी चित्रपट एकही नाही. दादासाहेब फाळक्यांची भाषा, 'प्रभात'ची भाषा, आणि दहांत एकदेखील नाव नाही!

अशा वेळी मराठी माणूस सहसा दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर 'या यादीला कोण विचारतो' म्हणून ती झटकून टाकतो, किंवा 'आपल्यात काही दमच नाही' म्हणून स्वतःला दोष देतो. दोन्ही मार्गांनी विचाराचे श्रम मात्र वाचतात. तिसरा मार्ग युक्तिवादाचा आहे. यादीत कोणता मराठी चित्रपट हवा होता, कोणाच्या जागी हवा होता आणि का, हे सांगता आले पाहिजे. त्यातही, ज्याच्या जागी आणायचा तो चित्रपट आधी पाहिलेला असला पाहिजे.

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला येथे एक विशेष संधी आहे, कारण पाचव्या क्रमांकाचा चित्रपट त्याच्या शेजाऱ्याचा आहे. गिरीश कासरवळ्ळी यांनी 1977 साली यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवर 'घटश्राद्ध' केला. वेदपाठशाळा चालवणाऱ्या आचार्यांची तरुण विधवा मुलगी यमुना गर्भवती राहते, आणि पिता जिवंत मुलीचे श्राद्ध घालून तिला समाजातून काढून टाकतो. हे सारे आपण नाणी नावाच्या लहान विद्यार्थ्याच्या नजरेतून पाहतो. त्याला शास्त्र कळत नाही. यमुनाअक्काची माया तेवढी कळते. 'कुंकू' आणि 'श्यामची आई' पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हे जग परके वाटण्याचे कारण नाही.

नाते याहूनही जवळचे आहे. कासरवळ्ळी चित्रपट शिकले ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. ही संस्था 1960 साली सुरू झाली ती 'प्रभात'च्या जुन्या स्टुडिओच्या आवारात. दामले आणि फत्तेलाल यांनी 1936 साली 'संत तुकाराम' घडवला तेच हे आवार. 1974 साली या संस्थेचे संचालक झाले ते गिरीश कर्नाड. त्यांचा जन्म माथेरानचा, मातृभाषा कोकणी, लेखनाची भाषा कन्नड आणि अखेरचे वास्तव्य बंगळुरूचे. 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटील यांच्यासमोर पतीची भूमिका त्यांनीच केली. आणखी मागे गेलो तर व्ही. शांताराम उमेदवारीच्या वयात हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि तेथल्या एका पत्र्याच्या थिएटरात काम करीत होते. अलीकडचे पाहायचे तर 'सैराट'वरून 2017 साली कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' निघाला आणि त्यातही रिंकू राजगुरूच नायिका होती. मराठी विरुद्ध कन्नड असा सामना लावणाऱ्याने हा इतिहास आधी नजरेखालून घालावा.

आता प्रश्न उरतो वाद कसा घालावा याचा. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावे म्हणून दोघांनी केलेली चर्चा हा वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडून काढायची, ती वितंडा. चित्रपटांविषयी आपण बहुधा जल्प करतो, आणि मोबाइल हाती असला की वितंडा. वादाची अट कठीण आहे: प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, त्याला स्वतःला पटेल इतक्या नेटकेपणाने आधी मांडावा लागतो. 'तुला हा चित्रपट का आवडतो ते मला असे समजले' हे वाक्य ज्याला म्हणता येते, त्यालाच 'तरीही मला तो उणा का वाटतो' हे म्हणण्याचा अधिकार.

दुसऱ्याला नियम सांगणाऱ्याने स्वतःची निवड लपवू नये. दहांच्या त्या यादीत मला एक जागा मिळाली तर मी तेथे 'संत तुकाराम' ठेवीन. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता, पण माझे कारण ते नाही. कारण आहे आवली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम देवाच्या वाटेवर आहे, आणि गौरीबाईंनी उभी केलेली आवली चुलीपाशी आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती चप्पल उगारून देवळात शिरते आणि विठोबालाच जाब विचारते. संतपटात भक्ताच्या बायकोची हेटाळणी करणे सोपे होते. दामले-फत्तेलाल यांनी तसे केले नाही. भुकेची बाजूही भक्तीच्या बाजूइतक्याच निष्ठेने मांडली. तुकाराम वैकुंठाला जातो, आवली मागे राहते, आणि खरे कोणाचे होते हा प्रश्न घेऊन आपण घरी येतो. पूर्वपक्षाला इतका न्याय देणारा चित्रपट विरळाच. 'शोले'च्या जागी का, असे कोणी विचारील. 'शोले'मध्ये गब्बरसिंगची दहशत आपल्याला कळते, त्याची बाजू कळण्याची गरज कोणालाच वाटत नाही. मनोरंजन म्हणून तो अजोड आहे हे मला मान्य आहे. माझी कसोटी येथे वेगळी आहे, आणि ती मी उघड सांगितली आहे, एवढेच.

दुसरे नाव मी 'कोर्ट'चे घेईन. चैतन्य ताम्हाणे यांच्या या 2014 सालच्या चित्रपटाला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाला आणि राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळाले. त्यात एका लोकशाहिरावर खटला चालतो. त्याच्याविरुद्ध बाजू मांडणाऱ्या सरकारी वकीलबाई कामावरून घरी जातात, स्वयंपाक करतात, आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयाची टर उडवली जाते आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणते. मुंबईत बसून हा प्रसंग पाहणे वेगळे आणि बंगळुरूत बसून पाहणे वेगळे. येथे परप्रांतीय आपण आहोत. भाषा येत नाही म्हणून कोणी आपली टर उडवली तर कसे वाटते, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तीच हसणारी माणसे पडद्यावर आपल्या भाषेत, आपल्या वेषात दिसतात तेव्हा ओठावर आलेले हसू तिथेच थांबते. एखादा चित्रपट कोठे राहून पाहिला यानेही त्याचे मोल ठरते, ते असे.

कोणी म्हणेल, 'हे झाले श्रेष्ठ. आवडते कोठे आहेत?' प्रश्न योग्य आहे. श्रेष्ठ आणि आवडते या दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि दुसरीची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. 'अशी ही बनवाबनवी' 1988 साली आला. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची; पण आज मूळ चित्रपट फारसा कोणाला आठवत नाही, आणि बनवाबनवीतील संवाद मात्र चित्रपटानंतर जन्मलेली मुलेही पाठ म्हणतात. शहरात भाड्याची खोली मिळणे ही केवढी दुष्कर गोष्ट आहे, हे बंगळुरूत घर शोधलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. असे चित्रपट कुटुंबाची सामाईक बोली तयार करतात. एक शब्द उच्चारला की सारे हसतात, आणि त्या हसण्यात आजोबांपासून नातवापर्यंत सगळे असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याचे नाव कोणी घेत नाही, तो चित्रपट प्रत्यक्षातही नाहीसा होतो. 1931 सालच्या 'आलम आरा'ची, भारताच्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच उरला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली स्थापन झाले, तोवर बरेच काही हातचे गेले होते. याउलट 'घटश्राद्ध'ची निगुतीने दुरुस्त केलेली प्रत 2024 साली व्हेनिसमध्ये दाखवली गेली. त्याचे नाव कोणीतरी सतत घेत राहिले होते. आवड जाहीर करणे हा जतनाचाच एक प्रकार आहे.

आणि आता भाषेकडे वळतो. परप्रांतातील मराठी घरांत भाषा कशी क्षीण होते, हे आपण सारे पाहत आहोत. ती एकाएकी जात नाही. 'जेवायला ये', 'दार लाव', 'अभ्यास झाला का' एवढ्यापुरती ती टिकते. पण मतभेद झाला, काही समजावून सांगायचे झाले, बाजू मांडायची झाली, की मुले इंग्रजीकडे वळतात आणि आईवडीलही त्यांच्यामागून जातात. आज्ञेची मराठी उरते, वादाची मराठी जाते. ज्या भाषेत 'मला पटत नाही, कारण...' असे म्हणता येत नाही, ती भाषा घरात असूनही पाहुण्यासारखी राहते. 'कारण' या शब्दापुढचे वाक्य पुरे करायला लावणे, हेच तर आपल्या शाळेने साठ वर्षे केले. परीक्षेत 'सकारण स्पष्ट करा' असे छापलेले असे. ते आपण गुणांसाठी केले, तरी सवय अंगी मुरली.

ती सवय मुलांना देण्यासाठी चित्रपटाइतके सुलभ साधन नाही. म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. या वर्षी घरात पाच चित्रपटांची यादी करा. त्यात एक आजीआजोबांच्या तरुणपणीचा असू द्या. एक आईबाबांनी निवडावा. एक कन्नड असावा, आणि शक्य तर तो एखाद्या कन्नड शेजाऱ्यासोबत पाहावा. एक मुलांनी निवडावा, आणि तो कोणत्याही भाषेतला असला तरी मोठ्यांनी नाक न मुरडता अखेरपर्यंत पाहावा. पाचव्या जागेसाठी सर्वांनी भांडावे. नियम एकच: चित्रपट कोणत्याही भाषेतला असो, वाद मराठीत. शब्द अडला तर थांबा, शोधा, एकमेकांना पुरवा. मुलाने 'बोअर आहे' म्हटले तर तेथे सोडू नका. कोठे कंटाळा आला, कोणत्या प्रसंगात, ते विचारा. त्याने 'आवली बरोबर होती, तुकाराम चुकला' असे म्हटले तर कपाळाला आठ्या घालू नका. कारण विचारा आणि ऐका.

शेवटी ठरलेली यादी तारीख घालून वहीत लिहून ठेवा, आणि दहा वर्षांनी पुन्हा करा. नावे बदललेली दिसतील, क्रमही बदलेल. पण ती दुसरी यादी मुले स्वतःच्या अक्षरात, देवनागरीत लिहीत असतील, आणि तिच्यावर मराठीत तावातावाने भांडत असतील, तर शाळेचे साठ वर्षांचे काम पुढे चालू आहे असे खुशाल समजावे.